सांगण्यासारखा आजार

आपल्या घरांत मुलीचे आजार दोन प्रकारचे मानले जातात. ताप, गोवर, टायफॉईड हे सांगण्यासारखे. त्यात शेजारणी खिचडीचा डबा घेऊन येतात, मामू फळे पाठवतात, चार जण दुआ करतात. दुसरे न सांगण्यासारखे. फिट येणे, अंगावर पांढरे डाग, वर्षानुवर्षे गोळ्या लागणारे कोणतेही दुखणे. ते चार भिंतींच्या आत ठेवायचे, कारण मुलगी उद्या दुसऱ्याच्या घरी जायची असते. माझ्या धाकट्या मुलीचा आजार या दुसऱ्या प्रकारातला निघाला. तो आम्ही सांगायचा ठरवला. त्याची ही हकीकत.

2019 चा रमजान मे महिन्यात आला होता. धाराशिवचा मे म्हणजे काय ते इथल्या वाचकांना सांगायला नको. मुलगी तेव्हा आठ वर्षांची, तिसरीत जाणार होती. रात्री दादीअम्मींच्या शेजारी स्वतःची छोटी जानमाज अंथरून ती तरावीहला उभी राहायची. दुसऱ्या आठवड्यात दादीअम्मींच्याच लक्षात आले की, सजद्यातून उठताना पोरगी दोन्ही हात जमिनीवर टेकते, मग मांड्यांवर हात देत देत स्वतःला वर ढकलते. "मेरे जैसी बुढ्ढी हो गई क्या गे?" म्हणून त्या हसल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला बाजूला घेऊन सांगितले, "बहू, पोरगी थकत नाहीये, तिच्यात जोरच राहिला नाही."

मग एकेक गोष्ट दिसू लागली. केस विंचरायला हात डोक्यापर्यंत नेला की लगेच खाली यायचा. माळवदावर जायच्या जिन्यात ती भिंत धरायची. रिक्षात चढताना भाऊ तिला मागून उचलायचा आणि दोघे खेळ समजून हसायचे. डोळ्यांच्या पापण्यांवर जांभळट छटा आली होती. बोटांच्या पेरांवर लालसर, खरखरीत चट्टे उठले होते. कोणी म्हणाले उन्हाने, कोणी म्हणाले साबणाने, कोणी म्हणाले नजर लागली.

एका डॉक्टरांनी अॅलर्जीचे मलम दिले. दुसऱ्यांनी रक्त तपासले. त्यात एसजीओटी, एसजीपीटी वाढलेले आले म्हणून कावीळ सांगितली, तेल-तूप बंद केले. नंतर कळले की, हे घटक यकृतात असतात तसे स्नायूंतही असतात. स्नायू झिजू लागले की तेही रक्तात उतरतात. डॉक्टरांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. परदेशांतल्या नोंदींनुसार हा आजार दरवर्षी 10 लाख मुलांमागे साधारण 2 ते 4 जणांना होतो. 2011 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती, त्यात मुले किती याचा हिशेब करा. वर्षाला फार तर एखाद-दुसरे मूल. गावातल्या डॉक्टरांना उभ्या आयुष्यात असा रुग्ण भेटणारही नाही.

ईदनंतर आम्ही सोलापूर गाठले. तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी औषधाआधी एकच गोष्ट केली. मुलीला फरशीवर मांडी घालून बसवले आणि म्हणाले, "आता कशालाही हात न लावता ऊठ बरं." ती उठू शकली नाही. त्यांनी सीपीके नावाची तपासणी करायला सांगितली. हा स्नायूंमधला घटक. निरोगी मुलात तो साधारण शे-दोनशेच्या घरात असतो, तिचा कित्येक हजार निघाला. त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि मुंबईला, परळच्या बाई जेरबाई वाडिया मुलांच्या रुग्णालयात जायला सांगितले. रात्रीच्या लातूर-मुंबई गाडीने आम्ही दादरला उतरलो. त्या आठवड्यात मांड्यांचा एमआरआय झाला आणि आजाराचे नाव कळले: ज्युवेनाईल डर्मॅटोमायोसायटिस.

मराठीत 'कुंपणच शेत खाते' अशी म्हण आहे. वर्गात तिचा अर्थ मी कितीदा शिकवला असेल. हा आजार म्हणजे नेमके तेच. शरीराची प्रतिकारशक्ती बाहेरच्या जंतूंशी लढायची सोडून स्वतःच्याच अंगावर उठते. या आजारात ती त्वचेतल्या आणि स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्यांवर हल्ला करते. खांदे, मांड्या, मान इथले स्नायू आधी दुबळे होतात. तो संसर्गाने पसरत नाही. एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणात झोपल्याने कोणाला होत नाही. आईच्या खाण्यापिण्याने, गरोदरपणातल्या एखाद्या वागण्यानेही होत नाही. 'दिवस होते तेव्हा ग्रहणात काही कापलं होतं का?' असे मला दोघींनी विचारले, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला रात्री-अपरात्री आधार देते. स्टिरॉईड हाती येण्यापूर्वी या आजाराच्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश दगावत आणि एक तृतीयांश कायमची अधू होत. 1948 साली अमेरिकेत फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन दिले, 1950 मध्ये त्याबद्दल त्यांना आणि आणखी दोघांना नोबेल मिळाले. त्याच घराण्यातली गोळी आज माझ्या मुलीच्या डब्यात असते. आपल्याकडे स्टिरॉईड म्हटले की लोक दचकतात. दचकावे, पण ते कशातून वाचवते हेही माहीत असावे.

उपचार सुरू झाले तेव्हा घरातला खरा प्रश्न समोर आला. मुंबईहून परतलो त्या रात्री दादीअम्मींनी मला आणि मुलीच्या अब्बूंना बसवले. म्हणाल्या, "छोकरी की जात है. इलाज करो, पैसा मैं देती हूँ, मेरे कंगन ले जाओ. लेकिन चार जगह मत बोलो." त्यांच्या बोलण्यात कोरडेपणा नव्हता. त्यांच्या सख्ख्या बहिणीला कोड होते. गावभर बोभाटा झाला, स्थळे येईनाशी झाली, ती बाई माहेरीच म्हातारी झाली. दादीअम्मींनी ते जवळून पाहिले होते. मुलीला त्यातून वाचवण्याची त्यांना माहीत असलेली एकच वाट होती, गप्प राहण्याची.

मी म्हटले, "अम्मी, शाळेत ती सहा तास माझ्या नजरेआड असते. तिथल्या लोकांना सांगितल्याशिवाय तिला सांभाळणार कोण?" मी शिक्षिका आहे म्हणून मला हे ठाऊक होते. वर्गात साठ मुले असतात. जे मूल जमिनीवरून उठायला वेळ लावते ते आळशी वाटते, जे उन्हात खेळायला कुरकुरते ते नाजूक वाटते. शिक्षक वाईट नसतो, त्याला माहीत नसते.

मुलीच्या अब्बूंनी निकाल दिला: गावभर दवंडी नाही, पण ज्यांच्या हाती तिचा दिवस असतो त्या सर्वांना सांगायचे. मी अर्ध्या पानाचे पत्र लिहिले. आजाराचे नाव. तो पसरत नाही. ऊन लागले की तो चिघळतो, म्हणून परिपाठाला आणि खेळाच्या तासाला तिला सावलीत बसवावे. जमिनीऐवजी बाक द्यावा. वर्गात कोणाला कांजिण्या किंवा गोवर आला तर त्याच दिवशी आम्हाला कळवावे, कारण तिच्या औषधांनी प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवली आहे. ते पत्र शाळेत दिले, रिक्षावाल्या चाचांना वाचून दाखवले, मेडिकलवाल्या भाऊंना दिले, शेजारच्या दोन घरांत दिले. दादीअम्मी आठ दिवस माझ्याशी मोजकेच बोलल्या.

सांगण्याची किंमतही पडली. नात्यातल्या एका घरी माझ्या मुलीला लाडाने 'हमारी दुल्हन' म्हणायचे. तो शब्द त्या वर्षी बंद झाला. कोणी काही बोलले नाही, फक्त तो शब्द पुन्हा ऐकू आला नाही. दादीअम्मींनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे पाहिले.

पुढचे दिवस औषधांचे होते. सकाळी स्टिरॉईडची गोळी, सोबत कॅल्शियम, त्वचेसाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटचे इंजेक्शन आणि वेगळ्या दिवशी फॉलिक अॅसिड. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते, म्हणून ज्यांच्या घरी ते कोणासाठीही चालू आहे त्यांनी वार कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवावा. आम्ही शनिवारची रात्र ठरवली, कारण दुसऱ्या दिवशी तिला मळमळायचे आणि रविवारी शाळा नसते. इंजेक्शन द्यायला अब्बू शिकले. दुकानात कापडाचा तागा बेधडक फाडणारा माणूस त्या बारीक सुईपुढे तीन वेळा बिस्मिल्लाह म्हणायचा.

ते औषध पिवळ्या रंगाचे असते. दोन-तीन महिन्यांत असे झाले की, पिवळे काही दिसले तरी पोरीला उलटी यायची. ईदला मोठ्या चाचींच्या घरून जर्दा आला आणि ती ताटावरून उठून गेली. डॉक्टर म्हणाले, हे औषध घेणाऱ्या अनेक मुलांत असे होते, ती नाटक करत नाही. तेव्हापासून आमच्या घरी जर्दा रंग न घालता, पांढराच शिजतो.

स्टिरॉईडने चेहरा गोल झाला, गालांवर लव आली, भूक अशी की रात्री दोन वाजता उठून भाकरी मागायची. एका शादीत बायका कौतुकाने म्हणाल्या, "तब्येत मस्त झाली हो पोरीची!" घरी येऊन ती आरशाला पाठ करून बसली. शाळेत 'लड्डू' हे नाव पडले होते. मी तिला खरे सांगितले, "हा चेहरा औषधाचा आहे, तुझा नाही. औषध कमी होईल तसा तुझा चेहरा परत येईल." तिने विचारले, "किती दिवसांनी?" मी म्हटले, "वर्ष, कदाचित जास्त." मुलांना खरा आकडा सांगितला की ती तो पेलतात. 'लवकरच' म्हटले की रोज सकाळी उठून वाट पाहतात.

याच काळात उपाय सांगणाऱ्यांची रीघ लागली. कोणी पुडी दिली, कोणी गोळ्या ताबडतोब बंद करा म्हणाले. ख्वाजा शमशुद्दीन गाझींच्या दर्ग्यात जाऊन दादीअम्मींनी दुआ मागितली, त्याला माझी ना नव्हती. दुआ आणि दवा यांचे आपल्याकडे कधी भांडण नव्हतेच. पण औषध बंद करण्याला माझी साफ ना होती. स्टिरॉईड बरेच दिवस चालले की शरीर स्वतःचे तसले द्रव्य बनवणे जवळजवळ थांबवते. गोळी एकदम तोडली तर रक्तदाब घसरून माणूस दगावू शकतो. ती डॉक्टरच पायरी-पायरीने उतरवतात. मुलगी चालू लागली, हसू लागली, की 'आता बरी झाली, कशाला विष देता?' असे प्रेमाने सांगणारे भेटतात. सगळ्यात जास्त सांभाळायचे ते याच वेळी. बरे वाटणे हे औषधाचे काम असते, आजार गेल्याची खूण नव्हे.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन कोरोनावर चालते अशी बातमी पसरली आणि जी गोळी आमच्या घरी डाळ-तांदळासारखी लागायची ती बाजारातून गायब झाली. मार्चच्या अखेरीस सरकारने तिच्या विक्रीवर चिठ्ठीचे कडक बंधन घातले, तोवर साठे संपले होते. संधिवाताचे, ल्युपसचे रुग्ण देशभर दुकाने पालथी घालत होते. आमच्या दारात मेडिकलवाल्या भाऊंचा मुलगा मास्क लावून आला. त्यांनी पहिल्याच दिवशी चार पाकिटे बाजूला काढून त्यावर मुलीचे नाव लिहून ठेवले होते. कारण ते अर्ध्या पानाचे पत्र त्यांच्या गल्ल्यात होते.

2023 च्या फेब्रुवारीत सकाळी सहाला फोन वाजला. मुलीच्या वर्गातल्या मुलाची आई बोलत होती. मी त्या बाईंना एकदाच, पालकसभेत भेटले होते. म्हणाल्या, "बाजी, माझ्या पोराला रात्री कांजिण्या उठल्या. काल तो तुमच्या मुलीच्या शेजारच्या बाकावर होता. सरांनी सभेत सांगितलं होतं म्हणून तुम्हाला आधी फोन केला." निरोगी मुलाला कांजिण्या म्हणजे आठ-दहा दिवसांची खाज. प्रतिकारशक्ती दाबलेल्या मुलाला त्या फुप्फुसापर्यंत जाऊ शकतात. अशा वेळी लागण झाल्यावर पहिले काही दिवसच हाती असतात. त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलणे झाले, प्रतिबंधक औषध सुरू झाले, शनिवारचे इंजेक्शन पुढे ढकलले. तिला कांजिण्या आल्या नाहीत, अलहमदुलिल्लाह. संध्याकाळी दादीअम्मींनी शिरा केला आणि म्हणाल्या, "उस बच्चे के घर भी दे के आओ." त्या विषयावर त्या एवढेच बोलल्या.

रोज्याचा प्रश्न तिने स्वतःच काढला. चुलत बहिणी रोजे ठेवू लागल्या, फुलांचे हार घालून त्यांचे कौतुक झाले आणि ही गोळ्या घेऊन बसलेली. डॉक्टरांनी नको सांगितले. मशिदीतल्या आलिम साहेबांना अब्बूंनी विचारले. ते म्हणाले, आजारी माणसाला दीनने सूट दिली आहे आणि अल्लाहने दिलेली सवलत घेण्यात कमीपणा नाही. तरी ती रडली. मग तिने घरातल्या इफ्तारीचा ताबा घेतला. खजूर किती, फळे कोणी कापायची, कोणत्या घरी कोणते ताट जायचे, हे रमजानभर तीच ठरवते आणि मोठ्यांनाही दटावते.

खर्चाबद्दल दोन ओळी, कारण वाचक ते विचारतील. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना प्रामुख्याने दवाखान्यात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड घेऊन आधी त्यांना भेटावे, आपला आजार बसतो की नाही ते त्यांच्याकडूनच कळते. रोजच्या गोळ्या आणि दर काही आठवड्यांच्या रक्ततपासण्या मात्र घरखर्चातच धराव्या लागतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते. ही योजना 2013 साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाली. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात मोफत होते. त्या दिवशी मुलांना घरी ठेवू नका, आणि जे दिसले असेल ते पथकातल्या डॉक्टरांना स्वतः सांगा.

शिक्षक बंधू-भगिनींना एक सांगणे आहे. जे मूल अलीकडेच जमिनीवरून हात टेकून उठू लागले, जिन्यात कठडा धरू लागले, फळ्यावर लिहिताना ज्याचा हात खाली येतो, त्याला रागावण्याआधी त्याच्या आईला बोलावून घ्या. दहा वेळा काही निघणार नाही. अकराव्या वेळी निघाले तर त्या मुलाचे महिने वाचतील, आणि या आजारात उपचाराला उशीर झाला की कातडीखाली चुन्यासारख्या गाठी धरण्याचा धोका वाढतो.

आता ती नववीत आहे. स्टिरॉईड बंद होऊन बरेच दिवस झाले, चेहरा तिचा तिला परत मिळाला. मेथोट्रेक्सेट कमी झाले आहे, संपलेले नाही. आजार झोपला आहे, पुन्हा उठू शकतो, हे तिला माहीत आहे. उन्हात ती छत्रीशिवाय जात नाही, मे महिन्यात दुपारी घराबाहेर पडत नाही. औषधांची वही पूर्वी मी लिहायची, आता ती लिहिते आणि मुंबईला डॉक्टरांच्या प्रश्नांना माझ्याआधी उत्तरे देते. मागच्या महिन्यात एका पाहुणीने माझ्याकडे पाहून विचारले, "बोटांना काय झालंय हिच्या?" मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "खाला, मला विचारा ना, मी सांगते." आणि तिने सांगितले, एखादा धडा समजावून सांगावा तसे. दादीअम्मी तिथेच तसबीह घेऊन बसल्या होत्या. त्यांचा हात क्षणभर थांबला, मग मणी पुढे सरकू लागले.

उद्या स्थळे येतील तेव्हा काय होईल, हे मला माहीत नाही. दादीअम्मींची भीती खोटी नाही आणि समाज एका पत्राने बदलत नाही. पण जे घर तिचा आजार ऐकून परत जाईल ते घर तिला तो उन्हाच्या दिवसांत, तापाच्या रात्रीत कसे सांभाळणार होते? आम्ही सांगूनच देणार आहोत, लपवून नाही.

तुमच्या ओळखीत असे मूल असेल तर त्याच्यासाठी जरूर दुआ करा. आईला विचारा की दवाखान्याला जाताना दुसऱ्या मुलाला आमच्याकडे ठेवता का. घरात कोणी खोकत असेल तर भेटायला चार दिवस उशिरा जा. आणि ते मूल समोर बसलेले असताना 'बिचारी' म्हणू नका. ते सगळे ऐकत असते.